चुकांची वंशावळ : निर्मितिवाद आणि जनुकशास्त्र



गेल्या खेपेला आपण ‘पुरावा म्हणजे काय’ या प्रश्नाची तात्त्विक बाजू पाहिली. आज तोच प्रश्न एका खऱ्याखुऱ्या वादाला लावून बघू. वाद मुख्यतः अमेरिकेतला आहे. बायबलमधली सृष्टिनिर्मितीची कथा शब्दशः खरी मानणारे लोक जनुकशास्त्राकडे कसे पाहतात, आणि ते जे काम करतात त्याला संशोधन म्हणायचं का, हा आजचा विषय.

आपल्याकडे हा विषय निघाला की दोन प्रतिक्रिया येतात. एक तर लोक हसून सोडून देतात. नाहीतर म्हणतात, ‘अहो, त्यांच्याकडेही पीएच.डी. झालेले शास्त्रज्ञ आहेत, म्हणजे दोन बाजू असणारच.’ आमच्या मते या दोन्ही प्रतिक्रिया आळसातून येतात. हसणारा युक्तिवाद ऐकत नाही आणि दोन बाजू म्हणणारा तो तपासत नाही. आपण ऐकू आणि तपासूही.

आधी नावं नीट लावून घेऊ. ‘तरुण पृथ्वी’ मानणारा निर्मितिवादी म्हणतो की पृथ्वीचं वय सहा ते दहा हजार वर्षं आहे, देवाने सजीवांचे मूळ ‘प्रकार’ वेगवेगळे निर्माण केले, आणि नंतर नोहाच्या काळात जलप्रलय झाला. हा विचार जुना असला तरी त्याला आजचं ‘वैज्ञानिक’ रूप आलं ते मुख्यतः व्हिटकॉम्ब आणि मॉरिस यांच्या १९६१ सालच्या ‘द जेनेसिस फ्लड’ या पुस्तकापासून. दुसरा गट ‘इंटेलिजन्ट डिझाइन’वाल्यांचा. ते बायबलचं नाव घेत नाहीत, पृथ्वीच्या वयावर बोलायचं टाळतात. सजीवांमागे कुणी बुद्धिमान रचनाकार असलाच पाहिजे, एवढंच म्हणतात.

आणि तिसरे लोक आहेत, त्यांना या दोन गटांत कोंबू नका. देव मानणारे, पण उत्क्रांतीही मानणारे. जनुकशास्त्राचा पाया घालणारा मेंडेल हा ब्रनोच्या मठातला ऑगस्टिनियन साधू होता. मानवी जीनोम प्रकल्पाचं नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्स श्रद्धाळू इव्हँजेलिकल ख्रिस्ती आहेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली उत्क्रांती ही निव्वळ गृहीतकाच्या पलीकडे गेली आहे, असं मान्य केलं. तेव्हा आजचा वाद देव विरुद्ध विज्ञान असा नाही. तसा तो मांडला की दोन्हीकडच्या कडव्या लोकांची सोय होते, इतकंच.

आणखी एक गैरसमज काढून टाकू. निर्मितिवादी जनुकशास्त्र नाकारत नाहीत. डीएनए, आनुवंशिकता, उत्परिवर्तन, प्रयोगशाळेत रोज होणारं काम, सगळं त्यांना मान्य असतं. एका ‘प्रकारा’च्या आत बदल होतात हेही मान्य असतं, लांडग्यापासून कुत्रा झाला म्हटलं तर त्यांना अडचण नाही. अडचण येते ती डीएनए भूतकाळाबद्दल बोलायला लागला की. म्हणजे खरा प्रश्न असा: समोर आजचा मजकूर आहे, त्यावरून त्याचा इतिहास सांगता येतो का?

हा प्रश्न मराठी माणसाला परका नाही. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. डॉ. वि. सी. सुकथनकरांनी त्या कामाला शिस्त घालून दिली. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंत शेकडो हस्तलिखितं जमा केली. व्यासांनी सांगितलेलं मूळ महाभारत कुणी पाहिलेलं नव्हतं. मग कोणतं हस्तलिखित कुणाचं नातलग, हे ठरवलं कसं?

इथे एक साधा, पण फार खोल नियम आहे. दोन पोथ्यांत बरोबर पाठ सारखा असेल तर त्यावरून फारसं काही सिद्ध होत नाही. बरोबर तर सगळेच लिहायला बघतात. पण दोन पोथ्यांत तीच चूक, त्याच जागी, त्याच अक्षरांत असेल, तर एक तर त्यातली एक दुसरीवरून उतरवलेली असते, नाहीतर दोघींची मूळ प्रत एक असते. वर्गात दोन मुलांची उत्तरं बरोबर आली तर मास्तर शाबासकी देतात. दोघांचीही ‘पानिपत’च्या जागी ‘पाणीपट’ अशी चूक आली की मास्तर विचारतात, कुणी कुणाचं बघितलं? चिकित्सक आवृत्तीत असंच झालं. गणपती व्यासांचा लेखनिक झाला ही आपल्या सगळ्यांची आवडती कथा मुख्य संहितेतून परिशिष्टात गेली, कारण ती सगळ्या शाखांत सापडत नाही. कुठल्यातरी टप्प्यावर आत आलेली आहे. यात संपादकांनी गणपतीचा अपमान केला असं नाही. त्यांनी हस्तलिखितांची वंशावळ वाचली.

आता डीएनएकडे येऊ. हीही उतरवलेली पोथीच आहे. प्रत्येक पिढीत नक्कल होते आणि नकलेत चुका होतात. माणसाच्या प्रत्येक मुलात आई-वडिलांकडे नसलेले साधारण ६० ते ७० नवे बदल असतात. बहुतेक निरुपद्रवी असतात आणि पुढच्या पिढीत तसेच उतरतात. म्हणजे चुकांवरून नातं ओळखायची सोय इथेही आहे.

एक उदाहरण तपशिलात बघू. शेळी, गाय, कुत्रा यांना लिंबू-आवळा खावा लागत नाही. त्यांचं शरीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करतं. त्यातली शेवटची पायरी करणारं विकर ज्या जनुकामुळे तयार होतं, त्याला ‘गुलो’ म्हणतात. आपल्याला ते जमत नाही, म्हणून पूर्वीच्या खलाशांना स्कर्व्ही व्हायचा. पण गंमत अशी की ते जनुक आपल्यात नाही असं नाही. आहे, मोडक्या अवस्थेत. पडक्या वाड्याचा चौथरा आणि दोन भिंती उभ्या असाव्यात तसं. काही तुकडे गळाले आहेत, काही ठिकाणी अक्षरं बदलली आहेत. चिंपांझी, ओरांगउटान आणि इतर माकडांमध्ये पाहिलं तर तिथेही ते मोडलेलं आहे, आणि त्यातले तेच मोठे तुकडे गळालेले आहेत. गिनीपिगलाही क जीवनसत्त्व करता येत नाही. त्याचंही जनुक मोडलेलं आहे, पण मोडण्याची तऱ्हा वेगळी. म्हणजे दोन वाडे वेगवेगळ्या वादळांत पडले तर कसे दिसतात आणि एकाच पडक्या वाड्याच्या वाटण्या झाल्या तर कसं दिसतं, दोन्ही नमुने समोर आहेत.

यावर निर्मितिवाद्यांची उत्तरं काय? पहिलं उत्तर: ‘रचनाकार एक, म्हणून रचना सारखी.’ हे उत्तर चांगल्या, चालू भागांपुरतं ठीक आहे. एकच सुतार दोन खुर्च्यांना सारखे पाय लावेल. पण तो दोन्ही खुर्च्यांचा तोच पाय त्याच जागी मोडून ठेवेल का? दुसरं उत्तर: ‘मोडणं नंतर झालं, प्रत्येक प्रकारात वेगवेगळं, डीएनएत काही जागा नाजूक असतात.’ हे उत्तर जास्त विचारी आहे. नाजूक जागा खरोखरच असतात. पण मग गिनीपिगमध्येही तेच तुकडे गळायला हवे होते. आणि मोडण्याच्या खुणा नात्याच्या क्रमानेच का लागतात, चिंपांझी आपल्याला जवळ आणि मकाक लांब, याचं उत्तर त्यात नाही.

तिसरं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं: ‘तुम्ही ज्याला चूक म्हणता ती चूक नाहीच. त्याचं काहीतरी काम असणार, तुम्हाला अजून कळलेलं नाही.’ इथून ‘जंक डीएनए’चा वाद सुरू होतो. १९७२ साली सुसुमू ओनो यांनी हा शब्द रूढ केला. प्रथिनं बनवणारा भाग माणसाच्या जीनोममध्ये दोन टक्क्यांहून कमी आहे. २०१२ साली ‘एन्कोड’ या मोठ्या प्रकल्पाने जाहीर केलं की जीनोमच्या ८० टक्के भागात काहीतरी जैवरासायनिक कार्य दिसतं. निर्मितिवाद्यांना आनंद झाला: बघा, कचरा नव्हताच!

इथे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने कान टवकारले पाहिजेत, कारण सगळा घोळ ‘कार्य’ या एका शब्दात आहे. हृदय रक्त ढकलतं आणि ठोक्याचा आवाजही करतं. दोन्ही घडतात, पण ठोक्याचा आवाज हे हृदयाचं कार्य नव्हे. एखाद्या प्रथिनाने डीएनएच्या जागी चिकटणं हे ‘घडणं’ झालं. त्या जागेवाचून जिवाचं अडतं का, हा वेगळा प्रश्न. निवडीमुळे जपला गेलेला भाग मोजला तर २०१४ सालच्या एका अभ्यासात तो सुमारे ८ टक्के आला. आणि एक साधी कसोटी आहे, कांद्याची. आपल्या लासलगावच्या बाजारात पोत्यांनी येतो त्या कांद्याचा जीनोम माणसाच्या जीनोमच्या साधारण पाचपट आहे. सगळा डीएनए कामाचा असेल, तर कांद्याला आपल्यापेक्षा पाचपट सूचना कशासाठी लागतात? न्यायाने हेही सांगू, की जंक समजल्या गेलेल्या काही भागांना खरोखर काम आहे. पण ते प्रयोगशाळेत एकेक जागा तपासून कळलं. ‘काम असणारच’ या विश्वासातून नाही.

आता दुसरं उदाहरण, कारण त्यात धोका पत्करण्याची गोष्ट आहे. माणसाला ४६ गुणसूत्रं, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना ४८. पूर्वज एक असेल तर एक जोडी गेली कुठे? अख्खं गुणसूत्र हरवलं तर जीव जगणं अवघड. म्हणजे दोन गुणसूत्रं टोकाला टोक जोडली गेली असली पाहिजेत. १९८२ साली चारही जातींच्या गुणसूत्रांवरचे पट्टे शेजारी ठेवून तुलना झाली, तेव्हा आपलं दुसरं गुणसूत्र जोडलेलं दिसलं. हे खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं? गुणसूत्राच्या टोकाला बुटाच्या नाडीच्या टोपणासारखा एक भाग असतो, टेलोमिअर. त्यात ठरावीक सहा अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. तो भाग दुसऱ्या गुणसूत्राच्या मध्येच, समोरासमोर भिडलेला सापडला पाहिजे. १९९१ साली तो सापडला. शिवाय मधल्या आवळाची, सेंट्रोमिअरची, जादा निकामी खूणही आहे.

या ठिकाणी काही सापडलं नसतं, तर समान पूर्वजाची कल्पना अडचणीत आली असती. धोका पत्करणं म्हणतात ते हेच. निर्मितिवाद्यांचं उत्तर बघा. एक गट म्हणतो, जोड झालाच नाही, ती जागा एका जनुकाचा भाग आहे. त्याच गोटातले दुसरे म्हणतात, जोड झाला असेलही, पण माणूस निर्माण झाल्यानंतर. आदमला ४८ होती. जोड दिसला तरी सिद्धांत सुखरूप, नाही दिसला तरी सुखरूप. काहीही झालं तरी न हरणारा सिद्धांत बलवान वाटतो खरा. पण जे झालं असतं तरी चाललं असतं आणि न होऊनही चाललं असतं, त्याच्याबद्दल त्या सिद्धांताने आपल्याला काहीच सांगितलेलं नसतं.

मात्र सगळे निर्मितिवादी धोका टाळतात, असं म्हणणं अन्यायाचं होईल. कॉर्नेल विद्यापीठातले जॉन सॅनफर्ड हे खरे वनस्पती-जनुकशास्त्रज्ञ; पिकांत जनुकं घालण्यासाठी वापरली जाणारी ‘जीन गन’ विकसित करण्यात त्यांचा मोठा वाटा. त्यांनी २००५ च्या सुमारास ‘जेनेटिक एन्ट्रॉपी’ असा दावा मांडला: किंचित घातक बदल पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात, निवडीला ते काढता येत नाहीत, म्हणून जीनोम सतत खालावतो आणि तो लाखो वर्षं जुना असूच शकत नाही. हा दावा स्पष्ट आहे, तपासता येतो. त्याबद्दल सॅनफर्ड यांचं श्रेय त्यांना द्यावं.

तर तपासू. घरातला उंदीर घ्या. त्याचा जीनोम जवळपास आपल्याएवढाच मोठा. वर्षाला सहज तीन-चार पिढ्या होतात. पिढीमागे बदल माणसापेक्षा कमी धरले, तरी आपल्या एका पिढीच्या काळात त्याच्या सत्तर-ऐंशी पिढ्या उलटतात. जीनोम सहा हजार वर्षांत झिजत असेल तर उंदीर केव्हाच संपायला हवे होते. धान्याच्या कोठारात जाऊन बघा, संपलेले दिसत नाहीत. दुसरीकडे रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ साली कॅलिफोर्नियात ई. कोलाय जीवाणूंच्या १२ वसाहती वाढवायला घेतल्या. ७५ हजारांहून जास्त पिढ्या झाल्या. ५० हजार पिढ्यांनंतरही त्यांची क्षमता वाढतच होती. त्यातल्या एका वसाहतीला साधारण ३१ हजार पिढ्यांनंतर प्राणवायू असताना सायट्रेट खाता येऊ लागलं. निर्मितिवादी म्हणतात, ‘जनुक आधीच होतं, नवी माहिती कुठे आली?’ बरोबर आहे, जनुक आधीच होतं. त्याची दुसरी प्रत झाली आणि ती वेगळ्या कळीशेजारी जाऊन बसली, म्हणून ते चालू झालं. पण नवं असंच येतं! भाषेतही नवा शब्द शून्यातून पडत नाही. जुन्या शब्दाची जागा बदलते आणि अर्थ नवा होतो.

आता तत्त्वज्ञानातल्या एका भांडणाकडे येऊ. अर्कान्सासमध्ये १९८१ साली कायदा झाला की शाळेत उत्क्रांतीबरोबर ‘निर्मिती-विज्ञान’ही समतोलाने शिकवायचं. प्रकरण न्यायालयात गेलं. तत्त्वज्ञ मायकेल रूझ यांनी साक्ष दिली. जानेवारी १९८२ मध्ये न्यायाधीश ओव्हरटन यांनी कायदा रद्द केला. एक कारण असं की निर्मितिवाद खोटा ठरवता येत नाही, म्हणून तो विज्ञान नव्हे. निकाल हवा तसा लागला. तरीही लॅरी लॉडन हे तत्त्वज्ञ, जे अजिबात निर्मितिवादी नव्हते, रागावले. त्यांचं म्हणणं असं: पृथ्वी काही हजार वर्षांची आहे, जगभर पूर आला होता, ही विधानं तपासता येतात. ती तपासली गेली आणि खोटी ठरली. त्यांना ‘तपासताच येत नाहीत’ म्हणून तुम्ही उलट वाचवताय.

आमचा कौल बराचसा लॉडनच्या बाजूने आहे. दावे घेतले तर निर्मितिवाद हे हरलेलं विज्ञान आहे. पण दावा हरल्यावर माणूस काय करतो, हा दुसरा प्रश्न आहे, आणि तिथे रूझ यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ‘आन्सर्स इन जेनेसिस’ या मोठ्या संस्थेच्या श्रद्धा-निवेदनात असा नियमच आहे की धर्मग्रंथाच्या विरोधात जाणारा कोणत्याही क्षेत्रातला पुरावा ग्राह्य नाही. हे लपवलेलं नाही, जाहीर आहे. एवढं आधी ठरवल्यावर पुढे सूक्ष्मदर्शक घ्या, संगणक घ्या, चालतं ते वकिली काम. अशिलाची बाजू मांडणं हा लबाडीचा धंदा नव्हे. पण वकिलाने न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसू नये.

टॉड वुड हे निर्मितिवादी जीवशास्त्रज्ञ याला सन्माननीय अपवाद आहेत. त्यांनी २००९ साली आपल्याच लोकांना उघडपणे सांगितलं की उत्क्रांतीला भरपूर पुरावा आहे, ती कोसळायला आलेली नाही, आणि आपण ती नाकारतो ते श्रद्धेमुळे. त्यांची श्रद्धा आम्हाला पटत नाही. पण हा माणूस पुराव्याशी खोटं बोलत नाही.

याच्या उलट गोष्ट २००५ साली पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या खटल्यात बाहेर आली. मुलांना ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे पुस्तक सुचवलं गेलं होतं. ते इंटेलिजन्ट डिझाइनचं आहे, निर्मितिवादाचं नाही, असं सांगितलं गेलं. बार्बरा फॉरेस्ट या तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या विदुषीने पुस्तकाचे जुने मसुदे ओळीने लावले. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतलं निर्मिती-विज्ञान घटनाबाह्य ठरवलं; त्यानंतरच्या मसुद्यांत ‘निर्मिती’च्या जागी ‘डिझाइन’ आलं. एका ठिकाणी ही बदली नीट झाली नाही. ‘क्रिएशनिस्ट्स’ या शब्दाचं पहिलं अक्षर आणि शेपूट तसंच राहिलं आणि मध्ये ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ घुसलं. एका नक्कल-चुकीने पुस्तकाची वंशावळ सांगितली! सुकथनकरांच्या पोथ्यांचा, गुलो जनुकाचा आणि या मसुद्याचा नियम एकच. रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेल्या न्यायाधीश जोन्स यांनी निकाल दिला की हे धार्मिक मत आहे आणि ते सरकारी शाळेच्या विज्ञानाच्या तासाला शिकवता येणार नाही.

आपला याच्याशी संबंध काय? आपल्याकडे जेनेसिसचा आग्रह नाही, कारणं वेगळी आहेत. दोन्ही एका तागडीत घालू नयेत. पण जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चूक आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठे सांगितलेलं नाही, असं म्हटलं. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडलं. महाभारताची मूळ प्रतही कुणी पाहिलेली नाही. म्हणून हस्तलिखितांची नाती सांगता येत नाहीत असं भांडारकर संस्थेने मानलं असतं तर? पाहिलं नाही म्हणजे कळत नाही, असं नव्हे.

पुढे २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यात उत्क्रांती गळली आणि ‘आनुवंशिकता’ उरली. अभ्यासाचा भार कमी करण्याचं कारण दिलं गेलं. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. हेतू काय होता यावर वाद न घालता परिणाम बघा. दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलीला पोथी मिळाली, पोथीची वंशावळ मिळाली नाही. उद्या प्रतिजैविक औषध लागू पडेनासं का होतं, विषाणूचा नवा अवतार कुठून आला, हे तिला कुणीतरी सांगेल. पण ते तपासायचं कसं, हे शिकवायची संधी गेली.

तेव्हा कुणी कोणताही दावा घेऊन आलं, निर्मितिवादी असो वा तुमच्याआमच्या आवडीचा, तर तीन प्रश्न विचारावेत. तुम्ही चुकत असाल तर काय दिसायला हवं? ते बघण्याआधी सांगितलं होतं का? आणि उलटं दिसलं तेव्हा काय बदललंत, आपलं मत की पुराव्याचा अर्थ?

हे प्रश्न श्रद्धाळू विद्यार्थ्याला विचारतानाही आवाज चढवू नये. ‘देव सोड, मग विज्ञान शीक’ अशी अट मेंडेलला घातली असती तर वाटाण्याची झाडं तशीच राहिली असती. त्याने बागेत जाऊन हजारो वाटाणे मोजले, आणि जे मोजणीत आलं तेच लिहिलं. एवढीच अट सगळ्यांना सारखी आहे.

पुढच्या खेपेला याच धाग्याने ‘कार्य’ आणि ‘हेतू’ या दोन शब्दांतला फरक घेऊ. प्रश्न असतील तर जरूर पाठवा.